उचल ५० मिलिमीटरची, घोटाळा ३ मिलिमीटरचा

पावसाळा तोंडावर आला की मारुतीच्या जिम्नीला लिफ्ट किट बसवून घेणाऱ्यांची गर्दी होते. त्यामागे एक समज पक्का असतो: गाडी दोन इंच उचलली की खाली दोन इंच जागा जास्त मिळते. जिम्नीसारख्या, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या एकाच अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत हे खरं नाही. अ‍ॅक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा उभा असतो तो टायरांवर. स्प्रिंग त्याच्या वर असतात. म्हणून लांब स्प्रिंग घातल्याने चेसिस आणि बॉडी वर जाते, पण दगडाला सगळ्यात आधी लागणारा गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. भारतातल्या पाच दारांच्या जिम्नीला १९५/८० आर १५ टायर येतो, त्याचा व्यास ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास ७३३ मिमी. फरकाचा निम्मा भाग, म्हणजे २० मिमी, हीच गोळ्याखाली वाढलेली खरी जागा. लिफ्टचा उपयोग आहे तो हा मोठा टायर बॉडीला न घासता बसावा आणि चढ-उतारावर बंपर व पोट टेकू नये यासाठी.

ही उचल फुकट मिळत नाही. स्टिअरिंगची आणि अ‍ॅक्सलची भूमिती कंपनीने एका ठरावीक उंचीसाठी आखलेली असते, आणि उंची बदलली की ती बिघडते. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दोन आडव्या दांड्यांवरून.

जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल कॉइल स्प्रिंगवर आहे. कॉइल वजन पेलते, पण अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकण्यापासून रोखेल असं काही तिच्यात नसतं. ते काम पॅनहार्ड रॉड करतो. त्याचं एक टोक चेसिसला, दुसरं विरुद्ध बाजूला अ‍ॅक्सलवर. त्याच्या जोडीने जवळपास तसाच जातो ड्रॅग लिंक: स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्म नावाच्या हातापासून विरुद्ध बाजूच्या चाकाच्या नकलपर्यंत (चाक ज्याच्यासोबत वळतं तो भाग). दोन्ही दांड्या एका बाजूला चेसिसशी आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्सलशी बांधलेल्या असल्याने चाक वरखाली झालं की दोन्हींची अ‍ॅक्सलकडची टोकं कमानीत फिरतात. दोन्ही कमानी सारख्या असतील, तर अ‍ॅक्सल जितका बाजूला सरकतो तितकाच ड्रॅग लिंक नकलला सरकवतो आणि चाक सरळ राहतं. कमानी वेगळ्या झाल्या की खड्ड्यात गेलेलं चाक स्वतःहून वळतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात.

आकडे घालून पाहू. समजा, दोन्ही दांड्या ८५० मिमी लांब आहेत आणि चेसिसकडचं टोक अ‍ॅक्सलकडच्या टोकापेक्षा ६० मिमी वर आहे. पायथागोरसने आडवं अंतर येतं ८४७.९ मिमी. गाडी ५० मिमी उचलली, म्हणजे उंचीचा फरक ११० मिमी झाला. आता आडवं अंतर ८४२.९. अ‍ॅक्सल ५ मिमी चेसिसच्या टोकाकडे ओढला गेला. ड्रॅग लिंकनेही नेमकं तेवढंच केलं, त्यामुळे चाकं सरळच आहेत. अ‍ॅक्सल मात्र गाडीच्या मधोमध राहिला नाही. एका बाजूचा टायर फेंडरबाहेर जास्त दिसतो तो याच ५ मिलिमीटरमुळे.

आता गॅरेजमध्ये सर्रास होणारी चूक. ड्रॅग लिंक जास्त तिरका दिसतो म्हणून ५० मिमी खाली येणारा 'ड्रॉप पिटमन आर्म' बसवतात. ड्रॅग लिंकचा तिरकेपणा पुन्हा ६० मिमीवर आला, दिसायला छान झालं. पॅनहार्ड मात्र ११० वरच राहिला. पुढचा भाग ५० मिमी दबला की पॅनहार्ड अ‍ॅक्सलला ५ मिमी सरकवतो आणि ड्रॅग लिंक नकलला फक्त २ मिमी. उरलेले ३ मिमी चाक वळवतात. नकलचा हात १५० मिमीचा धरला तर हे वळण १.१५ अंशाच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण २५९० मिमी व्हीलबेसच्या गाडीला एवढा कोन म्हणजे सुमारे १३० मीटर त्रिज्येचं वळण, तेही स्टिअरिंग घट्ट धरलेलं असताना. घाटात ब्रेक दाबून पुढचा भाग दबतो त्याच क्षणी गाडी बाजूला ओढली जाते. ड्रॉप आर्म न लावता ठेवला असता तर हा दोष शून्य होता!

ही चूक येते जिप्सीच्या अनुभवातून. १९८५ साली भारतात आलेल्या मारुतीच्याच जिप्सीला पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंग होत्या. अ‍ॅक्सलला बाजूला धरून ठेवण्याचं काम पाटेच करतात, पॅनहार्ड नसतो. अ‍ॅक्सल जवळपास सरळ वरखाली होतो, म्हणून तिथे ड्रॅग लिंक शक्य तितका आडवा हवा हाच नियम बरोबर. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेऊन उचललेल्या जिप्सीत ड्रॅग लिंक पाट्याला घासतो, तेव्हा 'झेड' आकाराचा वाकवलेला लिंक लावतात. तो लवतो आणि टोकांवर गोल फिरू पाहतो. त्यापेक्षा नकलवर उंच हात बसवून लिंक पाट्याच्या वरून नेणं चांगलं. पाट्यांच्या गाडीचा नियम कॉइलच्या गाडीला लावू नका. कॉइलच्या गाडीत दोन दांड्या एकमेकींना समांतर आणि सारख्या लांबीच्या हव्यात. आडव्या असल्या-नसल्या तरी चालेल.

म्हणून ५० मिमीपर्यंतच्या उचलीला पिटमन आर्मला हात लावू नये. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड घ्या, अ‍ॅक्सल मध्यावर येईपर्यंत तो वाढवा आणि तेवढंच ड्रॅग लिंकही त्याच्या स्लीव्हवर वाढवा. स्टिअरिंग व्हील स्प्लाइनवरून (दातेरी टोकावरून) काढून सरळ लावू नका: बॉक्सचा मध्य चुकतो आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) स्टिअरिंग सेन्सर गोंधळतो. उचल जास्त असून पिटमन खाली आणावाच लागला, तर पॅनहार्डचं चेसिसकडचं टोकही तितकंच खाली आणा. त्या ब्रॅकेटवर अ‍ॅक्सलचा सगळा आडवा भार येतो, म्हणून त्याला चेसिसच्या दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा आधार हवाच.

दुसरा प्रश्न कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हँडल आपोआप सरळ होतं. गाडीत चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं त्या किंगपिनचा तिरकेपणा, म्हणजेच कॅस्टर, तेच करतो. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल मागे चेसिसला जोडलेल्या दोन लांब धातूच्या हातांवर (रेडियस आर्म) आहे. गाडी उचलली की हे हात पुढून खाली झुकतात, अ‍ॅक्सल फिरतो आणि कॅस्टर घटतो. हात ९०० मिमीचा धरला तर ५० मिमी उचलीला ३ अंश. स्टिअरिंग हलकं आणि भटकं होतं, ७०-८० च्या वेगाला थरथरतं. उपाय म्हणजे भोक मध्याबाहेर असलेले कॅस्टर बुश (जोडात बसणारी रबरी नळी) किंवा दुरुस्ती ब्रॅकेट. यात एक पेच आहे: कॅस्टर परत आणताना गोळ्यात शिरणाऱ्या पिनियनचं तोंड खाली जातं आणि त्याला जोडलेल्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. म्हणून गेलेला सगळा कॅस्टर परत मिळवण्याचा हट्ट नको.

थरथरीवर जाड स्टिअरिंग डँपर हा रामबाण म्हणून विकला जातो. तो नाही. डँपर थरथर दाबतो. ढिला पॅनहार्ड बुश, किंगपिनचं सैल बेअरिंग, झिजलेला टाय रॉड एंड तसेच राहतात. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक जोडावर बोट ठेवावं. जोडाचे दोन भाग एकत्र हलायला हवेत. बोटाला मागेपुढे जाणवलं तर तो जोड गेला.

नवे बुश बसवताना गाडी जॅकवर असेपर्यंत बोल्ट फक्त हाताने लावा. शेवटचा टॉर्क (पक्की आवळणी) गाडी चारही चाकांवर उभी करून द्या. लोंबत्या अ‍ॅक्सलवर घट्ट केलेला रबरी बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालतं, तेही किट घेण्याआधी बघून घ्या.

शेवटी घासण्याची चाचणी. चेसिस भक्कम स्टँडवर ठेवा, पुढच्या कॉइल काढा, एका बाजूचं चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हद्द ठरवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) चढवा, दुसरं लोंबू द्या आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नंतर बाजू बदला. पॅनहार्ड आणि गोळ्याच्या मध्ये, टायर आणि रेडियस आर्मच्या मध्ये, ड्रॅग लिंकच्या वर मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा. जिथे कणीक १० मिमीपेक्षा पातळ चेपली गेली तिथे रस्त्यावर धातू लागणार. वर लागत असेल तर बंप स्टॉप लांब करा, टायर रेडियस आर्मना लागत असेल तर नकलवरचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढा. गाडी वळायला जास्त जागा घेईल, पण टायर कापला जाणार नाही. लोंबत्या बाजूला ब्रेकची नळी आणि एबीएसची तार पूर्ण वळणावरही ताणली जाता कामा नये. नळी ताठ दिसली तर लांब नळी बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.