परसबाग

परसबाग : घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरच्याच माणसांनी, प्रामुख्याने घरच्या गरजेपुरती केलेली भाजीपाला, फळझाडे, फुलझाडे व औषधी वनस्पती यांची मिश्र लागवड. कोकणात व दक्षिण महाराष्ट्रात अशा जागेला परडे असेही म्हणतात. विक्रीसाठी केलेला मळा आणि परसबाग यांत केवळ आकाराचा फरक नाही. मळ्यात सहसा एकेका पिकाचे वाफे असतात व पाणी पिकासाठी मुद्दाम आणलेले असते. परसातील लागवड मात्र न्हाणीचे पाणी, चुलीची राख, भाजीची देठे आणि गोठ्यातील शेण यांवर बेतलेली असते. त्यामुळे घराच्या रोजच्या व्यवहारापासून तोडून तिचा विचार करता येत नाही.

उगम : शेती आधी की परसबाग आधी, हा वाद जुना आहे. अमेरिकन भूगोलज्ञ कार्ल सॉअर यांनी १९५२ मध्ये असे मत मांडले की, लागवडीचा आरंभ धान्याच्या शेतात झाला नसून आग्नेय आशियातील स्थिरावलेल्या मच्छीमार वस्त्यांभोवती, कंद व फांद्या लावण्यातून झाला. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी उकिरड्याची उपपत्ती पुढे आणली. वस्तीजवळ टाकलेल्या कचऱ्यावर आपोआप उगवलेल्या उपयुक्त झाडांची राखण करता करता माणूस बागाईतदार झाला, असे त्यांचे म्हणणे. ग्वातेमालातील एका घराच्या बागेचा त्यांनी नकाशाच काढला. वरवर अस्ताव्यस्त दिसणारी ती जागा एकाच वेळी भाजीचा वाफा, फळबाग, औषधी बाग, खताचा खड्डा व मधमाश्यांचे ठिकाण होती. कोकणातील एखादे परडे पाहिलेल्यास हे वर्णन ओळखीचे वाटेल.

पुरातत्त्वीय पुरावा धान्याच्या बाजूने अधिक बोलतो, परंतु यात पुराव्याच्या स्वरूपाचाही वाटा आहे. धान्य करपून हजारो वर्षे टिकते, कंद व पाने कुजून जातात. म्हणून सॉअर यांचे आग्नेय आशियाविषयीचे अनुमान जसेच्या तसे स्वीकारले जात नसले, तरी घरालगतची लागवड फार प्राचीन असावी हे मत ग्राह्य वाटते. महाराष्ट्रात इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत (सु. इ. स. पू. १६००–७००) सातू, मसूर, कुळीथ इत्यादींचे अवशेष मिळाले आहेत, मात्र करपलेला दाणा शेतातला की अंगणातला, हे दाण्यावरून सांगता येत नाही. परसाच्या कुंपणावर आजही हमखास चढविला जाणारा वाल मूळचा आफ्रिकेतील मानला जातो. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन स्थळांवरील त्याचे दाणे साधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील आहेत.

वाङ्मयीन उल्लेख : सर्वांत तपशीलवार जुना उल्लेख कामसूत्राच्या ‘भार्याधिकरणा’त येतो. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. च्या तिसऱ्या शतकापर्यंत वेगवेगळा सांगितला जातो, इ. स. चे तिसरे शतक हा अंदाज अधिक मान्य आहे. गृहिणीने स्वच्छ जागी हिरव्या भाज्यांचे वाफे, उसाची बेटे, जिरे, मोहरी, अजमोदा व शेपू लावावा, बागेच्या मध्यभागी विहीर किंवा तळे खणून घ्यावे आणि मुळा, वांगी, काकडी, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा यांचे बी वेळेवर धरून वेळेवर पेरावे, असे तेथे म्हटले आहे. हे वर्णन सधन नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिक गृहस्थाच्या, घराचे आहे. खेड्यातील परसाला ते सरसकट लावू नये. बी राखण्याचे काम बाईकडे असल्याचा इतका स्पष्ट दाखला मात्र क्वचितच मिळतो.

कामसूत्राच्या याच यादीत ‘पालंकी’ व ‘आलुक’ ही नावेही येतात. ‘पालंकी’ म्हणजे कोणती भाजी, यावर एकमत नाही. विलायती पालक (स्पिनेशिया ओलेरेसिया) इराणकडून पूर्वेकडे पसरला असे मानतात व इ. स. ६४७ मध्ये तो नेपाळमधून चीनच्या थांग दरबारात भेट गेल्याची नोंद आहे. तेव्हा तिसऱ्या शतकातील भाजी ती नसावी. आपल्याकडील देशी पालक हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बीटाच्या कुळातील (बीटा व्हल्गॅरिस) निराळा प्रकार असून, तो किंवा त्यासारखी पालेभाजी अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. ‘आलुक’ हा बटाटा नव्हे, हे सांगायला हवे. बटाटा, रताळे, टोमॅटो, मिरची, पेरू, पपई व लाल भोपळा ही सगळी अमेरिका खंडातून, बहुतांशी पोर्तुगीजांच्या मार्फत, सोळाव्या शतकापासून पुढे आली.

यामुळे अरण (जि. सोलापूर) येथील संत सावता माळी (सु. १२५०–९५) यांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात लसूण व कोथिंबिरीच्या जोडीला येणारी मिरची अभ्यासकांना अडचणीची ठरते. ती मिरी किंवा पिंपळी असावी असे एक समर्थन केले जाते. मौखिक परंपरेत पुढच्या काळातील ओळखीची भाजी ओळीत शिरली, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक दिसते, कारण मिरीचा वेल अरणसारख्या कोरड्या मुलखातील मळ्यात येत नाही.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) लागवडीपूर्वी जमिनीत तीळ पेरून ते फुलोऱ्यात येताच मातीत गाडावेत, असे सांगितले आहे. हिरवळीच्या खताचा हा महत्त्वाचा जुना उल्लेख होय. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात (सु. इ. स. १०००) मांस, चरबी, हाडे इ. शिजवून व आंबवून केलेले ‘कुणपजल’ वर्णिले आहे. आजच्या जीवामृताशी (शेण, गोमूत्र, गूळ इ. आंबवून केलेले द्रवखत) त्याचे नाते जोडले जाते. आंबवण्यापलीकडे दोहोंत साम्य थोडे आहे. पेशवेकालीन पुण्यातील हिराबाग, सारसबाग ही श्रीमंती उद्याने परसबागेच्या परंपरेत मोडत नाहीत.

मांडणी व निगा : न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ व कर्दळ लावण्याची पद्धत योग्यच आहे, कारण त्यांना सतत ओल लागते. साबणातील सोडियम साठत गेल्यास काळी माती घट्ट व चिकट होते. म्हणून पाण्याची पाट मधूनमधून बदलावी आणि कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. राखेबाबतही प्रदेश पाहावा लागतो. लाकडाच्या राखेत चुना व पालाश असते, नत्र जवळजवळ नसते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीला ती मानवते. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत मात्र तिच्या अतिरेकाने लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात (केवडा). पानांवरील माव्यासाठी दव असताना राख भुरभुरण्यास हरकत नाही.

परसातील नेहमीची तक्रार म्हणजे दुधी किंवा दोडक्याची बारीक फळे पिवळी होऊन गळणे. वेलावर नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते, दोडक्यात तर त्यावर धारादेखील उमटलेल्या असतात. दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे, कारल्याची सकाळी. भर पावसात कीटक फिरत नाहीत व परागण होत नाही. अशा वेळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवावेत. दोडक्यासाठी हे काम दिवेलागणीला करावे लागते. गळालेल्या फळावर टोचल्याची खूण व डिंकाचा थेंब असेल, तर दोष परागणाचा नसून फळमाशीचा असतो.

जून झालेले घोसाळे वेलावरच वाळवून त्याच्या जाळीची अंगघासणी करतात, दुधीच्या वाळक्या कवचाचे भांडे होते, केळीच्या सोपटाच्या धाग्यात गजरे ओवतात.

बियाणे : दुधीचे दोन प्रकार शेजारी असल्यास परपरागणाने त्यांची सरमिसळ होते, तेव्हा बियाण्याचे वेल दूर लावावेत. दुधी व लाल भोपळा यांचा आपसांत संकर होत नाही. वाल मुख्यत्वे स्वपरागित आहे. एकाच परसात त्याचे अनेक वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहू शकतात, ते यामुळे. दाणे राखेत घोळून मडक्यात ठेवल्यास भुंगा कमी लागतो.

अलीकडील प्रयत्न : बागायतीच्या पाठ्यपुस्तकांत प्रौढ व्यक्तीस रोज ३०० ग्रॅ. भाजी (१२५ ग्रॅ. पालेभाजी, १०० ग्रॅ. कंदमुळे, ७५ ग्रॅ. इतर) धरून वाफ्यांचा हिशेब देतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून १० गुंठ्यांत कुटुंबाची गरज भागविण्याचा विचार मांडला, त्याचा पल्ला परसापेक्षा मोठा असला, तरी घरचे पाणी व काडीकचरा मोजून वापरण्याची शिस्त तीच आहे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून महिला बचतगटांमार्फत पोषण परसबागांचा प्रसार झाला आहे. कोंभाळणे (ता. अकोले, जि. अहिल्यानगर) येथील राहीबाई पोपेरे यांनी वालासह अनेक गावरान भाज्यांचे वाण घरी जपले व बाएफ या ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. त्यांना २०२० चा पद्मश्री किताब मिळाला.