पार्श्वभूमी : गेलिक संग्रह आणि १९८१चे लेखननियम

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतली गाणी, कथा, पत्रं शोधणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते : ग्रंथालयाच्या सूचीत काही मिळत नाही. सामग्री भरपूर आहे. ती कुणी, कधी आणि कोणत्या नावाखाली नोंदवली, हे माहीत नसलं की समोर असूनही दिसत नाही.

जुना भाग थोडक्यात उरकतो. गेलिकमधलं पहिलं छापील पुस्तक १५६७ मध्ये एडिंबऱ्यात निघालं, तेही प्रॉटेस्टंट उपासनेचं. हस्तलिखितं गोळा करायला जोर आला तो १७६० नंतरच्या भांडणामुळे. ऑशन या प्राचीन कवीच्या काव्याचा अनुवाद म्हणून छापलेलं इंग्रजी लेखन अस्सल की बनावट, यावर लंडन आणि एडिंबऱ्यात जुंपली. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रवासवर्णनात इंग्रजीच्या नामांकित कोशकारानं ठोकून दिलं की या भाषेत शंभर वर्षांपूर्वीचं एकही हस्तलिखित नाही. लिस्मोरच्या डीनची (तिथल्या धर्माधिकाऱ्याची) म्हणून ओळखली जाणारी गेलिक काव्याची हस्तलिखित वही तेव्हा अडीचशे वर्षांची होत आली होती. वादाचा निकाल लावायला नेमलेल्या समितीचा अहवाल १८०५ मध्ये आला. निकाल कुणालाच फारसा पटला नाही, पण त्या निमित्तानं जमलेली हस्तलिखितं पुढे एडिंबऱ्यातल्या वकिलांच्या ग्रंथालयात पोचली. १९२५ मध्ये त्या ग्रंथालयाचा कायदेविषयक भाग सोडून बाकीचा संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयाचा झाला. त्या काळच्या नोंदींत भाषेला ‘आयरिश’ किंवा ‘अर्स’ म्हटलेलं असतं, म्हणून नुसतं ‘गेलिक’ लिहून शोधलं की त्या निसटतात.

१८८३ची गोष्ट वेगळी. डोंगराळ प्रदेशातल्या आणि बेटांवरच्या जमीन कसणाऱ्या कुळांची गाऱ्हाणी ऐकायला सरकारी आयोग गावोगाव फिरला. कित्येकांनी गेलिकमध्ये साक्ष दिली, दुभाष्यानं ती सांगितली आणि छापली गेली इंग्रजीत. गेलिक समाजाच्या तोंडून आलेली एवढी मोठी साक्ष, पण भाषेच्या रकान्यात गेलिक शोधणाऱ्याला ती कधीच भेटत नाही.

आजच्या संग्रहाचा गाभा मात्र टेपवरचा आहे. १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश लोकपरंपरेच्या अभ्यासाचा विभाग सुरू झाला आणि रासे बेटावर जन्मलेला त्याचा पहिला संग्राहक जानेवारीतच कामाला लागला. त्याआधीची काही वर्षं तो डब्लिनच्या लोकसाहित्य आयोगाच्या पगारावर हेब्रिडीज बेटांत हिंडत होता. म्हणून त्याच्या तेव्हाच्या वह्या डब्लिनमध्ये आणि नंतरच्या टेप एडिंबऱ्यात, असा प्रकार आहे. या टेपांच्या क्रमांकात ध्वनिमुद्रणाचं साल असतं. गायक कोणत्या वर्षी भेटला एवढं ठाऊक असलं तरी बरीच वाट सरते. तिसरा मोठा साठा कॅना बेटावरचा. तिथल्या मालकानं १९३७ पासून बॅरा आणि आसपासच्या बेटांवर ध्वनिमुद्रणं केली आणि १९८१ मध्ये बेट, घर, संग्रह सगळं वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं.

त्याच १९८१ मध्ये शालेय परीक्षा मंडळानं गेलिक लेखनाचे नियम छापले, आणि शोधणाऱ्याच्या दृष्टीनं त्या वर्षीची मोठी घटना ही. हेतू साधा होता : दहा शाळांची दहा लेखनं नकोत. तोवर स्वरावर दोन तऱ्हेच्या रेघा देत, उजवीकडे चढणारी आणि उजवीकडे उतरणारी. ‘ए’ आणि ‘ओ’ मिटक्या तोंडानं उच्चारायचे की उघड्या, हे त्यांवरून कळे. मंडळानं उतरणारी तेवढी ठेवली. मुलांचं काम सोपं झालं, पण बेटाबाहेरून भाषा शिकणाऱ्याचा आधार गेला, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या गेलिक लेखनात दोन्ही रेघा टिकल्या. उत्तरपत्रिकांसाठी केलेला नियम हळूहळू प्रकाशकांचा झाला, मग सूचीकारांचा, आणि २००५ व २००९ मध्ये त्यात पुन्हा दुरुस्त्या झाल्या.

गंमत अशी की सगळी कडाकडी रेघेवरून झाली, पण शोधयंत्रं रेघेकडे सहसा दुर्लक्षच करतात. माणूस अडतो तो दुसरीकडे. घरासाठीचा शब्द जुन्या पुस्तकांत चार अक्षरांचा, नव्यांत पाच अक्षरांचा. ‘हे’ या अर्थाचा दोनाचा तीन अक्षरांचा झाला. ‘आज’साठीचे दोन सुटे शब्द संयोगचिन्हानं जोडले गेले. संस्थांनी मात्र जुनी नावं बदलली नाहीत, त्यामुळे ‘मंडळ’ या अर्थाचा गेलिक शब्द १८९१च्या एका संस्थेच्या नावात एका तऱ्हेनं आणि शब्दकोशात दुसऱ्या तऱ्हेनं दिसतो. १९६२च्या नियमांनी ‘नांव’चं ‘नाव’ झालं, तेव्हापासून मराठी सूची चाळणाऱ्यांना हा ताप ओळखीचा असेल. माझ्या मते चूक नियम करण्यात नव्हती. जुनी आणि नवी रूपं एकमेकांशी जोडणारी यादी त्याच वेळी ग्रंथालयांच्या हाती द्यायला हवी होती.

२०१० मध्ये ‘टोबर अन दुअलखिश’ हे संकेतस्थळ खुलं झालं आणि विद्यापीठाच्या, बीबीसीच्या व कॅनाच्या मुद्रणांतला मोठा भाग घरबसल्या ऐकता येऊ लागला. तिथंही नावांची गुंतागुंत आहेच. इंग्रजी नोंदीतला मॅकडोनाल्ड गेलिकमध्ये पुरुष असेल तर ‘मॅक’ लावून येतो, बाई असेल तर ‘निक’. साउथ युइस्टसारख्या बेटावर मॅकडोनाल्ड इतके की लोक एकमेकांना बापआज्याच्या नावांच्या साखळीनंच ओळखतात. ती साखळी नोंदीत असली तर माणूस नेमका सापडतो; नसली तर गावाच्या नावावरून चाचपडायचं.

भाषेनुसार गाळणी लावणाऱ्यांना आणखी एक खाच लागते. ग्रंथालयांच्या संगणकी नोंदींत स्कॉटिश गेलिकचा संकेत पूर्वी ‘जीएई’ होता, तो बदलून ‘जीएलए’ केला. आयर्लंडच्या भाषेचा ‘आयआरआय’ जाऊन ‘जीएलई’ आला. जुन्या नोंदी सगळीकडे दुरुस्त झालेल्या नसतात, म्हणून दोन्ही संकेत टाकून पाहावेत, आणि शेवटचं अक्षर नीट बघून.