कारखान्याचं एनर्जी ऑडिट: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बऱ्याच कारखान्यांना एनर्जी ऑडिटची (ऊर्जा कुठे, किती लागते आणि कुठे वाया जाते याच्या तपासणीची) आठवण वीजबिल अचानक फुगलं की होते, नाहीतर एखादा मोठा ग्राहक ऊर्जेची आकडेवारी मागू लागला की. मग घाईने कुणाला तरी बोलावलं जातं. ते दोन दिवस प्लांटमध्ये फिरतात, जाडजूड अहवाल देतात, बिल लावतात आणि अहवाल कपाटात जातो. रबाळ्याच्या एका मध्यम कारखान्यात मी युटिलिटी (वीज, वाफ, हवा, पाणी) सांभाळतो. आमच्या कपाटातही असा एक अहवाल होता. दुसऱ्या खेपेला ऑडिटरला बोलावण्याआधी तीन महिने आम्ही स्वतः बिलं, रीडिंग आणि यंत्रांची यादी जमवली, आणि तेव्हा कुठे ऑडिटचा उपयोग झाला. म्हणून या लेखात अर्जाच्या पायऱ्यांइतकीच जागा मी आधीच्या तयारीला दिली आहे.

तुम्ही कुठल्या गटात बसता?

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा असून तो 1 मार्च 2002 पासून लागू आहे. केंद्रात त्याचं काम ऊर्जा दक्षता ब्युरो पाहतो, आपण ज्याला बीईई म्हणतो. राज्यात ही जबाबदारी महाऊर्जाकडे (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे) आहे आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. ऑडिट सगळ्यांना सक्तीचं नाही. ज्या उद्योगांचा वर्षाचा ऊर्जावापर ठरलेल्या मर्यादेच्या वर जातो, त्यांना कायदा ‘डेझिग्नेटेड कन्झ्युमर’ म्हणतो, आणि सक्ती त्यांच्यावर आहे.

ही मर्यादा टन तेल समतुल्य या एककात मोजतात. 2007 च्या अधिसूचनेत कापड उद्योगासाठी ती 3,000, क्लोर-अल्कलीसाठी 12,000 आणि सिमेंटसाठी 30,000 टन होती. नंतर आणखी क्षेत्रं जोडली गेली, काही मर्यादा बदलल्या, त्यामुळे आपल्या क्षेत्राचा आजचा आकडा बीईईच्या संकेतस्थळावर बघून घ्या. हिशेब सोपा आहे. एक टन तेल समतुल्य म्हणजे 1 कोटी किलोकॅलरी आणि विजेचं एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, म्हणजे एका टनाला साधारण 11,630 युनिटं. 3,000 टन सगळे विजेचेच धरले तर वर्षाला जवळपास 3.49 कोटी युनिटं होतात. बॉयलरचं फर्नेस ऑइल, पाइपने येणारा गॅस, जनरेटरचं डिझेल हेही त्यांच्या उष्मांकाने गुणून यात मिळवायचं. अनेक जण फक्त विजेचा आकडा धरतात आणि आपण मर्यादेच्या खाली आहोत असं समजून बसतात, ते चूक आहे.

मर्यादेच्या वर असाल तर तुम्हाला पात्र ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो, दरवर्षी ऊर्जावापराची माहिती विहित नमुन्यात बीईई आणि महाऊर्जा दोघांकडे द्यावी लागते, आणि बीईईच्या मान्यताप्राप्त ऊर्जा परीक्षकाकडून (ऑडिटरकडून) ऑडिट करून घ्यावं लागतं. 2010 च्या विनियमांप्रमाणे पहिलं ऑडिट अधिसूचनेपासून 18 महिन्यांत आणि पुढचं दर तीन वर्षांनी. ऑडिटच्या शिफारशींवर काय केलं हेही कळवायचं असतं. टाळाटाळ केल्यास कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

महापे, पावणे, तुर्भे, वागळे इस्टेट इथले बहुतेक लघुउद्योग या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. त्यांच्यासाठी ऑडिट ऐच्छिक आहे, पण सरकारी मदत त्यांच्यासाठीच आहे. जुलै 2025 मध्ये बीईईची ‘एडीईईटीआयई’ ही योजना सुरू झाली. तिच्यात ऑडिट, सविस्तर प्रकल्प अहवाल आणि कर्जावरचं व्याज या तिन्हींत हात दिला जातो. सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. योजना 14 क्षेत्रांसाठी आहे आणि त्यांत रसायन, औषधनिर्माण, अन्नप्रक्रिया, फोर्जिंग, फाउंड्री, काच, कागद, कापड ही क्षेत्रं येतात. म्हणजे टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच शेड्स तिच्यात बसू शकतात. योजना औद्योगिक समूहांनुसार (क्लस्टरनुसार) टप्प्याटप्प्याने राबवली जाते, म्हणून नोंदणी करण्याआधी आपला समूह यादीत आहे का ते पोर्टलवर पाहावं. अट अशी की नव्या तंत्रज्ञानामुळे किमान 10 टक्के ऊर्जाबचत झाली पाहिजे.

उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम हे उद्यम नोंदणीवरून ठरतं. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि उलाढाल अनुक्रमे सूक्ष्मला 2.5 कोटी व 10 कोटी, लघुला 25 कोटी व 100 कोटी, मध्यमला 125 कोटी व 500 कोटी. ‘आपण आता मध्यममधूनही बाहेर पडलो’ असं धरून चाललेल्यांनी एकदा नव्याने हिशेब करावा.

सक्तीच्या गटात आणि या योजनेतही न बसणारे, उदाहरणार्थ ऐरोली-घणसोलीतली मोठी आयटी संकुलं किंवा शीतगृहं, महाऊर्जाच्या यादीतली संस्था नेमून स्वखर्चाने ऑडिट करू शकतात. महाऊर्जाच्या एखाद्या योजनेतून मदत घ्यायची असेल तर आधी अर्ज, मग मंजुरी आणि त्यानंतरच काम, हा क्रम मोडू नका. काम उरकून नंतर बिल जोडणाऱ्यांचे अर्ज अडकतात.

कागदपत्रं

फाइलला लागतं ते एवढंच: उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, पॅन, प्लॉटचा एमआयडीसीचा भाडेपट्टा किंवा भाडेकरार, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, निदान 12 महिन्यांची (माझ्या मते 36 महिन्यांची) वीजबिलं, इंधनखरेदीची बिलं, महिनावार उत्पादनाचे आकडे, मोठ्या यंत्रांची यादी आणि सिंगल लाइन डायग्राम (कारखान्याच्या वीजजोडणीचा एकरेषी आराखडा). कर्ज घ्यायचं असेल तर तीन वर्षांचे ताळेबंद.

यादी साधी दिसते, पण अर्ज अडतो तो नावा-पत्त्याच्या फरकावर. आमच्या उद्यम प्रमाणपत्रावर मालकांचा नौपाड्याचा पत्ता होता, प्लांट रबाळ्यात आणि वीजबिल प्लॉटच्या आधीच्या मालकाच्या नावावर. अर्ज परत आला. बिलावरचं नाव बदलून घेण्यात आमचे दोन महिने गेले. तुमच्याकडेही असं काही असेल तर आजच नाव बदलायचा अर्ज टाका, बाकी कागद नंतर गोळा करा. कळवा, मुंब्रा, शीळ भागातल्या युनिटांनी लक्षात ठेवावं की तिथे मार्च 2020 पासून महावितरणच्या वतीने वीज पुरवणारी फ्रँचायझी टोरंट पॉवर आहे. जुनी बिलं महावितरणच्या नमुन्यात आणि नंतरची वेगळ्या नमुन्यात असतील, तरी ग्राहक क्रमांकाची साखळी जुळली पाहिजे.

उत्पादनाचे आकडे द्यायला मालक बिचकतात. स्पर्धकाच्या हाती लागतील अशी भीती असते आणि ती मला समजते. पण एका किलो मालाला किती युनिटं लागली हे कळल्याशिवाय ऑडिटचा पायाच उभा राहत नाही. बिल कमी झालं ते बचतीमुळे की ऑर्डर कमी होत्या म्हणून, हे कोण सांगणार? करारात गोपनीयतेचं कलम घाला आणि आकडे द्या.

बिल वाचायला बसा

उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेऐवजी (केडब्ल्यूएच) एकूण ओढलेल्या विजेवर, आकारणी होते. पूर्वी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण) चांगला ठेवला की वेगळी सूट मिळायची. आता तो थेट युनिटांत उतरतो. महिन्याला 1,00,000 केडब्ल्यूएच वापर असेल आणि पॉवर फॅक्टर 0.90 असेल तर बिल 1,11,111 केव्हीएएचचं येतं. तोच 0.99 वर आणला तर 1,01,010. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनलमधले दोन-तीन कपॅसिटर बाद झालेले असतात आणि महिनोन्‌महिने दहा हजार युनिटांचे पैसे भरले जातात. यासाठी ऑडिटरचीही गरज नाही. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर घेऊन पॅनलसमोर उभं करा. त्यासोबत करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) आणि प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी यांत किती अंतर आहे, आणि कुठल्या तासांना जादा आकार लागतो, तेही बिलावर बघा.

कॉम्प्रेसरची चाचणी तुम्हीच करा

हवेची गळती शोधण्याइतकं स्वस्त काम कारखान्यात दुसरं नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं एकही यंत्र चालू नसताना कॉम्प्रेसर सुरू करा. तो किती वेळ लोड होतो (हवा दाबून भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) हे घड्याळ लावून पाच-सहा फेऱ्या लिहून काढा. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागा. 2 मिनिटं लोड आणि 6 मिनिटं अनलोड असेल तर गळती 25 टक्के. 500 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) कॉम्प्रेसरची 125 सीएफएम हवा कुठल्यातरी सांध्यातून, फाटक्या होजमधून, सैल क्विक कप्लिंगमधून निघून जाते आहे. 7 बार दाबाला साधारण 3 मिलिमीटरच्या एका भोकातून जाणाऱ्या हवेसाठी 3 किलोवॅटच्या आसपास वीज लागते. वर्षाला 8,000 तास धरले तर 24,000 युनिटं, आणि युनिटला 9 रुपये पडतात असं धरलं तर दोन लाखांहून जास्त. दाब एका बारने उतरवता आला तर विजेत 6 ते 10 टक्क्यांची बचत होते. पण तो उतरवण्याआधी शॉपमधल्या सगळ्यात दूरच्या यंत्राला खरोखर किती दाब लागतो ते मोजा, नाहीतर उत्पादनवाले दुसऱ्याच दिवशी पुन्हा वाढवून ठेवतील.

या चाचणीचा कागद सही-तारखेसह फाइलला लावा. ऑडिटरचं काम त्याने सोपं होतं, आणि समोर माहीतगार माणसं आहेत हेही त्याला कळतं.

ऑडिटर कसा निवडायचा

प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक आणि प्रमाणित ऊर्जा परीक्षक यांची राष्ट्रीय परीक्षा बीईई घेते. व्यवस्थापकाला तीन पेपर, परीक्षकाला चार. इंजिनिअरिंग पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव, किंवा पदविका आणि सहा वर्षांचा अनुभव असेल तर परीक्षेला बसता येतं. आपल्याच मेंटेनन्समधल्या एखाद्या होतकरू मुलीला किंवा मुलाला फी भरून बसवा. आमच्याकडच्या एका पदविकाधारक मुलीने ही परीक्षा दिली आणि आज प्लांटची सगळी ऊर्जानोंद तीच ठेवते. मान्यताप्राप्त परीक्षक ही प्रमाणित परीक्षकाच्या वरची पायरी आहे. सक्तीच्या ऑडिटला तोच लागतो.

कोटेशन मागवताना फक्त रक्कम बघू नका. किती दिवस, किती माणसं, कोणती उपकरणं आणणार ते लिहून घ्या. पॉवर अ‍ॅनलायझर, फ्ल्यू गॅस अ‍ॅनलायझर, अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर, थर्मल कॅमेरा हे हवंच, आणि त्यांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रंही बघा. मोजमाप कधी होणार हेही ठरवून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात चिलर दमतो, जुलैत हवेतली आर्द्रता एअर ड्रायरला पिळून काढते आणि जानेवारीत सगळंच हलकं चालतं. एका थंड आठवड्यात घेतलेल्या रीडिंगवर वर्षाची बचत सांगणारा अहवाल मी स्वीकारणार नाही. औषध कंपन्यांनी रात्रपाळीचं मोजमाप आवर्जून करून घ्यावं, कारण उत्पादन थांबलं तरी एएचयूचे (खोल्यांत हवा खेळवणाऱ्या युनिटांचे) पंखे पूर्ण वेगात फिरत असतात. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर वीज निम्म्यावर येते. बॉयलर असेल तर धुराचं तापमान दर 22 अंशांनी कमी झालं की कार्यक्षमता सुमारे 1 टक्क्याने वाढते, म्हणून तेही नोंदवून घ्या.

अहवाल आल्यावर

अहवालात प्रत्येक शिफारशीपुढे खर्च, वर्षाची बचत आणि पैसे किती महिन्यांत वसूल होतात हे असलं पाहिजे. ‘जुन्या मोटरी बदलाव्यात’ एवढं वाक्य चालणार नाही. कोणती मोटर, किती अश्वशक्ती, किती लोडवर चालते, किती तास, हे मागून घ्या. अंतिम रक्कम देण्याआधी मसुद्यावर बैठक घ्या आणि त्या बैठकीला शिफ्ट सुपरवायझरला बसवा. कुठली शिफारस प्रत्यक्षात चालणार नाही हे त्याला आधी कळतं.

एडीईईटीआयईमध्ये पुढचा क्रम असा: पोर्टलवर नोंदणी, कागदांची पडताळणी, गुंतवणुकीच्या दर्जाचं (कर्जाचा निर्णय घेता येईल इतकं सविस्तर) ऑडिट, सविस्तर प्रकल्प अहवाल, बँकेकडून कर्ज, यंत्र बसवणं, आणि शेवटी बचत मोजून तिची पडताळणी. बँकेत जाताना आपल्या नेहमीच्या शाखेच्या व्यवस्थापकाला प्रकल्प अहवालातलं बचतीचं पान आधी दाखवा. नुसत्या यंत्राच्या कोटेशनवर त्यांना काही उमगत नाही.

पडताळणीच्या वेळी लोक हमखास चुकतात. जुनं यंत्र काढण्याआधी त्याला वेगळा मीटर लावून निदान एक महिन्याची रीडिंग आणि त्या महिन्याचं उत्पादन नोंदवलेलं असावं लागतं. भंगारवाला जुना कॉम्प्रेसर टेम्पोत चढवून घेऊन गेला की ती रीडिंग पुन्हा मिळत नाहीत, आणि बचत 10 टक्के झाली हे दाखवायला हातात काहीच उरत नाही. म्हणून आम्ही नव्या यंत्राची ऑर्डर देण्याआधी जुन्या यंत्राच्या पॅनलवर मीटर बसवला, दर पाळीला रीडिंग लिहायला वही टांगली आणि तिच्यावर पाळीप्रमुखाची सही सक्तीची केली.