हर्बेशस बॉर्डर

भिंत, कुंपण किंवा वाटेच्या कडेने लांबट वाफ्यात केलेली बहुवर्षायू ओषधींची (मऊ खोडाच्या वनस्पतींची) लागवड. या वनस्पतींचा जमिनीवरचा भाग हिवाळ्यात वाळतो. मुळे जिवंत राहतात व वसंतात पुन्हा फुटवे येतात. हा प्रकार मुख्यतः इंग्लंडमध्ये विकसित झाला. बहर साधारण जून ते सप्टेंबर.

उगमाचे श्रेय उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) व गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) यांना देण्याचा प्रघात आहे. काचगृहात वाढवलेली नाजूक रोपे दर उन्हाळ्यात वाफ्यांत मांडायची आणि हंगाम सरताच उपटायची, या पद्धतीवर रॉबिन्सन यांनी कठोर टीका केली, हे खरे. परंतु इंग्लंडच्या चेशर परगण्यातील आर्ली हॉल या वाड्याच्या बागेतले असे समोरासमोरचे दोन ताटवे १८४६ च्या नकाशात दिसतात. तेव्हा रॉबिन्सन जेमतेम आठ वर्षांचे होते. उद्यानविषयक लेखक जॉन लाउडन (१७८३–१८४३) यांनीही मिश्र ताटव्याची मांडणी त्याआधीच वर्णिली होती. म्हणून रॉबिन्सन व जीकल यांना प्रवर्तक न म्हणता प्रसारक म्हणणे अधिक योग्य वाटते.

जीकल मूळच्या चित्रकलेच्या अभ्यासक. दृष्टी अधू झाल्यावर त्या बागकामाकडे अधिकाधिक वळल्या. सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथे सुमारे २०० फूट लांब व १४ फूट रुंद ताटव्यात त्यांनी दोन्ही टोकांना निळे-करडे, तर मध्यभागी तांबडे-केशरी रंग योजले. खरी कसोटी मात्र रंगांपेक्षा काळाची. डेल्फिनियम या उंच तुऱ्यांच्या झाडाची फुले सरली की उघडी खोडे विद्रूप दिसतात. जीकल यांनी मागे स्वीट पीच्या जातकुळीतला पांढरा बहुवर्षायू वेल लावून तो या खोडांवर ओढून घेतला. त्याचा बहर ओसरताच त्यावर क्लेमॅटिस हा फुलवेल चढवला. एकाच जागेतून असे एकामागून एक बहर घेण्याची ही युक्ती आजही अनुकरणीय आहे.

दर तीन-चार वर्षांनी बहुतेक ठोंब उकरून विभागावे लागतात. मधला जून भाग टाकून कडेचे जोमदार फुटवे कंपोस्ट मिसळलेल्या मातीत लावतात. उंच झाडांना काटक्यांचा आधार ती वाढण्यापूर्वीच द्यावा. आडवी झालेली झाडे नंतर बांधली, तर मोळीसारखी दिसतात.

महाराष्ट्रातील बागांत हिवाळी हंगामात दिसणारा फ्लॉक्स हे फुलझाड ही वर्षायू जाती आहे. हर्बेशस बॉर्डरमधला उंच, बहुवर्षायू फ्लॉक्स निराळा. कर्दळ मात्र दोन्हीकडची. जीकल यांच्या तांबड्या पट्ट्यात ती होतीच. फक्त तिकडच्या थंडीत तिचे कंद सहसा काढून ठेवावे लागतात, आपल्याकडे ती वर्षानुवर्षे जागेवरच वाढते.