हाउस फिंच की पर्पल फिंच? फोटोत डोकंच नसेल तर

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या आत्याने ऑक्टोबरमध्ये एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "अगं, ही आपली चिमणी नाही ना? चोच चांगली जाड होती." पण फोटोत चोच नव्हतीच. डोकं फीडरच्या, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायला टांगतात त्या नळीमागे गेलेलं. दिसत होती ती छाती, एक कूस, शेपटीखालची पिसं आणि अर्धी शेपटी. सगळं तपकिरी, रेघारेघांचं.

अमेरिकेच्या पूर्व भागात फीडरवर असा पक्षी आला की बहुतेक वेळा दोनच नावं पुढे येतात, हाउस फिंच आणि पर्पल फिंच. नर असता तर काम सोपं होतं. हाउस फिंचच्या नराला कपाळावर, गळ्याला आणि छातीला कुंकू फासल्यासारखा लाल रंग असतो. डोक्याचा माथा तपकिरी राहतो आणि कुशीवर तपकिरी रेघा स्पष्ट असतात. पर्पल फिंचचा रंग कोकम सरबतासारखा, डोक्यावरून ओघळून पाठीवर आणि पंखांवर उतरलेला. तरी नुसत्या रंगावर मी विसंबत नाही. हाउस फिंचचा लाल रंग खाण्यातून येतो, त्यामुळे काही नर नारिंगी, अगदी पिवळेही दिसतात. संध्याकाळच्या उन्हात फोटो काढला तर आणखीच घोळ.

खरी परीक्षा तपकिरी पक्ष्यांची. त्यातही पर्पल फिंचचा नर पहिलं वर्षभर मादीसारखाच तपकिरी असतो, म्हणून "मादी" असं मी लगेच म्हणत नाही.

चेहरा दिसत असता तर एका नजरेत निकाल लागला असता. पर्पल फिंचच्या मादीला डोळ्यावर रुंद पांढुरकी भुवई, तिच्याखाली गालाचा गडद पट्टा आणि गळ्याच्या कडेला आणखी एक गडद रेघ असते. हाउस फिंचच्या मादीचा चेहरा साधा, एकसारखा मातकट, त्यात नजर कुठे अडकत नाही. चोचीचा वरचा काठ हाउस फिंचचा बाकदार, पर्पलचा बराच सरळ. पण तोंडात सूर्यफुलाची बी असेल तर चोचीच्या आकारावर माझा भरवसा नसतो.

आत्याच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी कुशीकडे वळले. पर्पल फिंचच्या पांढऱ्या पोटावर आखूड, गडद, ठसठशीत फराटे असतात. हाउस फिंचच्या रेघा लांब आणि फिकट, ओल्या कागदावर शाई फुटावी तशा कडांनी विरलेल्या. इथे एक धोका आहे. फोटोच हललेला असेल तर कुठलीही रेघ फुटलेलीच दिसते. म्हणून आधी मी फीडरमधल्या बिया पाहिल्या. त्यांच्यावरचे काळे-पांढरे पट्टे स्वच्छ दिसत होते. म्हणजे फोटो ठीक होता, रेघाच पुसट होत्या.

मग शेपटीखालची पिसं. पूर्वेकडच्या पर्पल फिंचची ही पिसं सहसा कोरी पांढरी असतात, हाउस फिंचच्या पिसांवर रेघा असतात. या फोटोत रेघा होत्या. शेपटीही लांब, टोकाला जेमतेम खाचलेली. पर्पलची आखूड असते आणि खाच खोल. तीन खुणा एकाच बाजूने बोलल्या. हाउस फिंच. (पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात हा हिशेब पुरत नाही. तिथे कॅसिन्स फिंच हा तिसरा भाऊ आहे आणि त्याच्या शेपटीखाली रेघा असतात.)

ऋतूवरून उत्तर मिळालं नसतं. हाउस फिंच तिथे बारमाही, आणि ऑक्टोबरात उत्तरेकडून पर्पल फिंचही येतात, एखाद्या वर्षी भरपूर तर एखाद्या वर्षी तुरळक. गंमत म्हणजे हाउस फिंच मूळचा तिथला नाहीच. तो पश्चिमेचा आणि मेक्सिकोचा. न्यूयॉर्कचे पक्षीविक्रेते त्याला 'हॉलिवूड फिंच' म्हणून पिंजऱ्यात घालून विकत. हा व्यापार बेकायदा होता. कारवाईच्या भीतीने 1940 मध्ये लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून दिले गेले. तिथूनच तो पूर्वेत पसरला.

आत्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. डोळा सुजलेला, चिकटलेला पक्षी दिसला तर फीडर काढून नीट धुवायचा आणि काही दिवस लावायचा नाही. 1994 पासून हाउस फिंचमध्ये डोळ्यांचा संसर्गजन्य रोग पसरला आहे आणि फीडरवरच्या गर्दीत तो एकाचा दुसऱ्याला लागतो.

नोव्हेंबरात तिचा दुसरा फोटो आला. नुसती पाठ आणि मिटलेले पंख. तेवढ्यावर निवाडा करायला मी धजले नाही. वहीत लिहिलं, "हाउस किंवा पर्पल". आत्याला म्हटलं, "एकच फोटो काढून थांबू नकोस गं. तो बसलाय तोवर दहा काढ, एकदा तरी मान वळवेलच."