खुलासा : रानरेडा गोळीच्या धक्क्याने कोसळत नाही

आफ्रिकी रानरेड्याच्या, म्हणजे केप बफेलोच्या, शिकारीविषयी एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: बंदूक पुरेशी मोठी असली की गोळी कुठेही लागो, तिच्या धक्क्यानेच जनावर आडवे होते. हा समज साफ चुकीचा आहे, आणि धोकादायकही. 1912 सालापासून वापरात असलेल्या .375 मॅग्नम काडतुसाची सुमारे 19.4 ग्रॅमची गोळी सेकंदाला 760 मीटर वेगाने सुटते, असे धरले तरी 700 किलोच्या रेड्याला तिच्याने मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम 2 सेंटिमीटर भरतो.

रेडा मरतो तो हृदय वा फुप्फुसे फाटून रक्तस्राव झाल्याने. त्याचे हृदय वाटते त्यापेक्षा बरेच खाली, पुढच्या पायांच्या मधोमध असते. म्हणून जनावर शिकाऱ्याकडे बाजू करून उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरतात. गोळी जाड कातडे व खांद्याचे हाड भेदूनही न फुटणारी हवी. शरीरात शिरल्यावर टोक न पसरणारी भरीव गोळी खोल जाते खरी, पण ती आरपार निघून मागच्या रेड्याला घायाळ करू शकते, त्यामुळे कळपात पहिली गोळी मर्यादित पसरणारी आणि अखंड राहणारी असावी, असे माझे ठाम मत आहे.