रोटरी गरम होतेय? मोठा रेडिएटर मागवण्याआधी हे वाचा

आम्ही रेडिएटर बनवतो. माझदा 13बी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं कारचं रोटरी इंजिन, विमानात बसवणाऱ्यांचा आम्हाला ठरलेला फोन येतो, टॅक्सीला (जमिनीवर चालवताना) सगळं ठीक होतं पण क्लाइंबला (वर चढताना) ऑइल 210 फॅरनहाइटच्या वर गेलं, मोठा कोर (रेडिएटरचा जाळीदार भाग) पाठवा. काहीजण तर कोर खराब म्हणून सरळ परत पाठवतात, मग आम्ही प्रेशर टेस्ट करतो, फ्लो बघतो, यात आठवडा जातो आणि बहुतेक वेळा कोर एकदम ओके निघतो. घोळ डक्टमध्ये, म्हणजे कोरपर्यंत हवा नेणाऱ्या वाटेत असतो.

क्लाइंबला इंजिन 6000 आरपीएमच्या आसपास 160-180 एचपी देत असतं आणि विमान असतं जेमतेम 100 नॉटला. उष्णता सगळ्यात जास्त, हवेचा दाब सगळ्यात कमी. अशा वेळी कोर आणि डक्टमध्ये बोटभर फट राहिली की हवा फिन्समधून (कोरच्या पातळ पट्ट्यांमधून) कशाला जाईल, ती फटीतूनच निघून जाते. मोठ्या कोरने वजन आणि ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, फट तशीच राहते.

त्यामुळे आधी मोजा. एक जुना एअरस्पीड इंडिकेटर (दोन नळ्यांमधल्या दाबाच्या फरकावरून वेग दाखवणारं मीटर) घ्या, त्याची पिटोची (जास्त दाबाची) नळी कोरच्या पुढे डक्टमध्ये लावा, स्टॅटिकची (कमी दाबाची) कोरच्या मागे. 100 नॉटला क्लाइंब करताना त्याचा काटा 70 च्या खाली असेल तर निम्मा दाबसुद्धा कोरला मिळत नाहीये, कारण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. मग सिलिकॉन आणि फोमने फटी बंद करा, गरम हवा बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी आहे ना तेही बघा. काटा चांगला वर असूनही इंजिन तापतंय तर मात्र कोर लहान आहे, तेव्हा आम्हाला जरूर फोन करा.

ऑइल कूलरला उरलीसुरली जागा देऊ नका हो! पिस्टन इंजिनवरून आलेल्यांच्या हे लक्षात येत नाही, पण यात रोटर आतून ऑइलनेच थंड होतात, एकूण उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग ऑइल कूलरने काढायचा असतो. आणि जास्त तापलं की ॲल्युमिनियमचं रोटर हाउसिंग बाजूच्या लोखंडी हाउसिंगपेक्षा जास्त फुगतं, मधल्या पाणी अडवणाऱ्या ओ-रिंग (रबरी सील) जातात, अख्खं इंजिन खोलावं लागतं.

रेडिएटर म्हणून कारच्या एसीचे इव्हॅपोरेटर कोर लावून मस्त उडणारी विमानं आहेत, आमचा कोर त्यापेक्षा महाग आहे हे मान्य. पण आमच्या कोरला चारही बाजूंनी डक्टवर घट्ट बसणारी फ्लॅंज (कडेची पट्टी) येते, आणि तुमच्या काउलिंगची (इंजिनवरच्या झाकणाची) मापं घेतल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही, त्यात वेळ जातो तो यासाठीच. डक्ट स्वतः बनवणार असाल तर ड्रॉइंग फुकट देतो. काउल काढून चारही बाजूंचे फोटो आणि एअरस्पीड इंडिकेटरचं रीडिंग पाठवलंत की बाकीचं फोनवर बोलू.